मेहुण्याने मोजलेलं प्रेशर

पूल चढताना गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा रावसाहेबांनी डिझेलला दोषी ठरवलं. ते निवृत्त कार्यालय अधीक्षक. चूक दुसऱ्याच खात्याची असते हे त्यांना नोकरीभर माहीत होतं. त्यांनी डिझेलपंपाच्या मालकाला दोन पत्रं लिहिली, दुसऱ्यात पहिल्याचा संदर्भ क्रमांकही घातला. गाडीने या पत्रव्यवहाराची दखल घेतली नाही. शुक्रवारी ऐन चढावर तिने मान टाकली. मागच्या बसमधली माणसं खाली उतरून ढकलायला लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोने न विचारता आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

भाऊ गॅरेजवाला. रावसाहेब चारचौघांत त्याची ओळख ‘हिच्या माहेरचे’ एवढीच करून देत.

शनिवारी सकाळी त्याने बॉनेट उघडून डिझेल फिल्टर आणि इंजिनाचा पंप यांच्या मधल्या नळीला प्रेशर गेज जोडलं.

“चालू करा, भावोजी.”

गेजची सुई जराशी हलली आणि तळाशीच रेंगाळली. रेस दिल्यावर आणखी बसली.

“भेसळ!” रावसाहेब म्हणाले.

“डिझेल चांगलं आहे. पंपात दाब नाही.”

“मग पंपच गेला. अख्खा बदलावा लागणार.” भारदस्त गाडीला आजारही भारदस्तच हवा होता त्यांना.

“फिल्टर कधी बदललात?”

“याच महिन्यात. मी स्वतः!”

मेहुण्याने तरीही उघडून पाहिला. फिल्टर खरंच स्वच्छ निघाला, आणि रावसाहेबांची छाती दोन इंच पुढे आली. मग त्याने पंपातून डिझेल परत जातं त्या तोंडावरचा व्हॉल्व्ह खोलला, आतली स्प्रिंग तळहातावर घेतली आणि शेजारी नवी ठेवली. जुनी चांगली सूतभर बुटकी होती.

“हिने दाब धरून ठेवायचा. ही दमली. डिझेल सरळ टाकीत परत पळतंय.”

“एवढीशी?” रावसाहेबांना गाडीचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

नवी स्प्रिंग आणि खाली पातळ वॉशर बसवला. सुई टुणकन वर गेली, गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याच्याही पुढे.

“वा! राहू दे अशीच.”

“नको. जास्त दाबाने सील फुटतात.” त्याने वॉशर काढला, पुन्हा मोजलं. सुई बरोबर आकड्यावर थांबली. हात पुसून तो चहाही न घेता गेला. गॅरेजात गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये रावसाहेब शेजारच्या डॉक्टरांना सांगत होते, “दाब नियंत्रण यंत्रणेतच दोष होता. आम्ही दुरुस्त केला.”

“अरे वा! माझीही गाडी अशीच दमते हो. उद्या बघाल?”

“उद्या? बघू की,” असं म्हणत रावसाहेब जे निघाले ते थेट स्वयंपाकघरात.

“अगं, तुझ्या भावाला उद्या जेवायला बोलाव.”

बायकोने गॅस बारीक केला. “जेवायला? की डॉक्टरांच्या गाडीला? खिडकी उघडी होती म्हटलं.”

रावसाहेब माठाकडे वळले आणि बराच वेळ पाणी प्यायले.

“दोन्हीला,” ते म्हणाले. “आणि त्याला म्हणावं, मी आग्रहाने बोलावलंय.”