चौकटीवरच्या रेघा

जाहिरातीत होतं : ‘नदीकाठचा ऐतिहासिक तालुका. खिशाला परवडणारी घरं.’ इतिहास जिथे वारंवार घडतो तिथे घरं स्वस्तच असतात. पण दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत बारा वर्षं काढलेल्या शिंप्यानं फक्त ‘परवडणारी’ एवढंच वाचलं.

घर विकणारे निवृत्त मास्तर. जिभेवर साखर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर चाकूनं कोरलेल्या रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी साल.

“मुलांची उंची ना?” शिंप्याची बायको विरघळलीच.

“आठवणी आहेत, वहिनी,” मास्तर म्हणाले.

शिंप्यानं सवयीनं टेप लावला. “मास्तर, पुढच्या सालात पोरगं वीतभर आखूड कसं भरलं?”

“ते धाकटं.”

“अहो, पुरे! विजार शिवायचीय का?” बायकोनं टेप ओढून घेतला. घर झालं.

दुसऱ्या वर्षी नदी भरदुपारी आली. जुन्या ओळखीची असल्यासारखी न विचारता थेट स्वयंपाकघरात. नवरा-बायकोनं आधी शिलाई मशीन माळ्यावर चढवलं. मग गिऱ्हाइकांचे कपडे. मग गाद्या. सात वर्षांची लेक चौकट धरून उभी होती.

“आई, मला घे ना!”

“थांब गं! मशीन भिजलं तर खाशील काय?”

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा तिचा नंबर आला. पाणीही तिथेच थांबलं.

तालुक्यातलं कुणी घर घेईना. त्यांना रेघा वाचता येत होत्या. मग बायकोला आपली धाकटी बहीण आठवली. बिचारी अजून भाड्यानं राहते. पुराचं तिला कळवलंच नव्हतं, उगाच काळजी करते म्हणून.

बहीण यायच्या आधी शिंप्यानं चौकटीवरचा चिखलाचा पट्टा घासून काढला, त्या जागी नीट रेघ कोरली आणि साल घातलं. मास्तरांची शिकवणी वाया गेली नव्हती.

बहीण नवऱ्याला घेऊन आली आणि चौकटीपाशीच थांबली. “ताई, ही शेवटची रेघ कुणाची गं?”

ताईनं लेकीला दंडाला धरून चौकटीला टेकवलं. रेघ गळ्याशी आली.

“हिचीच. गेल्या वर्षीची. बघ, किती वाढली!”

“अगं बाई!” बहीण विरघळली. “किती गोड!”

लेक आईकडे बघत म्हणाली, “तेव्हा मी टाचा उंच केल्या होत्या, मावशी.”

“लबाड!” म्हणून मावशीनं तिचा गालगुच्चा घेतला, आणि नवऱ्याला हाक मारली, “अहो, आपण हेच घेऊ या.”