दोन पायांना एक शेपटी

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी आणि भित्री शेपटी आहे. गाईची नव्हे, वानराचीही नव्हे. मी रबराची आहे आणि मला माणसं पायांत घालतात. जन्म पाण्यासाठी आणि भीतीही पाण्याचीच, अशी माझी तऱ्हा! पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल, बाई गं, तुझं भिणं काही खोटं नव्हे.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपासची. कोल्हापुरात शिरोलीच्या वाटेवर फक्रुद्दीनचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा देवगडला कुणाच्या ट्रकचं टायर फुटलं म्हणून तो तिकडं गेला आणि समुद्रात उसळ्या मारणारे डॉल्फिन बघून खुळाच झाला. परत आला तो शेजारच्या कृष्णातला हाका मारतच.

"मर्दा, मासा शेपटी डावीउजवीकडं हलवतोय, आन् ह्यो गडी वरखाली! एकच शेपटी, पर पळतोय कसला! तुझ्या दोन्ही पायांस्नी मिळून एकच शेपटी लावली तर?"

कृष्णातचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला होता. हात मात्र पैलवानाचे. गल्लीतली पोरं पंचगंगेच्या घाटावरून उड्या टाकायची, तेव्हा हा पायरीवर बसून सगळ्यांचे कपडे राखायचा. पाण्यात उतरलाच तर एकच पाय चालायचा, त्यामुळं तो जागच्या जागी गोल फिरायचा. पोरं ओरडायची, "आला घाण्याचा बैल!" तोही हसायचा आणि घरी जाऊन न जेवता निजायचा. त्याला एकदा, फक्त एकदा, सरळ पोहायचं होतं.

त्याच्या त्या हट्टापायी माझा जन्म झाला. साखर कारखान्यात ऊस वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्यातून फक्रुद्दीननं माझं रुंद पातं कापलं. लॉरीच्या ट्यूबचे दोन जोडे त्याला चिकटवले. मग मला साच्यात घालून असं भाजलं, की ती धग आठवली तर आजही माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या खेपेला मी इतकी जड झाले, की मला घालून कृष्णात दगडासारखा तळाशी गेला. तालमीतला हंबीरराव त्याच्या कमरेला बांधलेली दोरी धरून काठावर उभा होता म्हणून बरं. त्याच्याच मळ्यातल्या विहिरीत आमचे हे उद्योग चालायचे. फक्रुद्दीननं मला तासलं, पातळ केलं, मध्ये सायकलच्या तारा बसवल्या. पुन्हा साचा, पुन्हा धग, पुन्हा विहीर.

आणि एके दिवशी कृष्णात सरळ गेला! कमरेतून एक लाट निघाली, ती धडक्या पायातून वाळक्या पायात आली आणि दोघांची ताकद माझ्यात उतरली. विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो बाणासारखा गेला. हंबीरराव दोरी सोडून नाचायलाच लागला. "आरं, ह्यो तर मासाच झाला की!"

सगळे माझं कौतुक करत होते आणि मी मात्र भीतीनं अर्धी झाले होते. का सांगू? मला बांधलं होतं चामड्याच्या वाद्यांनी. कोल्हापूरचा माणूस! पायाला काही बांधायचं म्हटलं, की त्याला चामड्याशिवाय दुसरं काय सुचणार? पण चामडं भिजलं, की गाठ फुगते आणि आवळत जाते. विहिरीतून वर आल्यावर फक्रुद्दीन टोच्या घेऊन ती उकरत बसायचा. "बसली की गाठ!" म्हणून हसायचाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबांनो, वर आहात म्हणून हसताय! खाली अशी बसली तर? पण रबराचं कोण ऐकतो?

विहीर अपुरी पडू लागली तशी कृष्णातला मोठं पाणी हवं झालं. गावाबाहेर दगड काढून झालेल्या, पाण्यानं भरलेल्या एका खणीवर आम्ही गेलो. खोल काळं पाणी आणि पल्याडच्या निम्म्या भागात जलपर्णीचं केंदाळ माजलेलं. दोरी एवढी लांब पुरेना, म्हणून ती काठावरच राहिली.

कृष्णात निम्मी खण झपाझप कापून गेला आणि त्याच जोरात थेट केंदाळात शिरला. त्या वनस्पतीच्या मुळ्या माझ्या पात्याभोवती गुंडाळल्या. तो हिसके देऊ लागला. एकेक हिसक्यानं मी जास्तच गुरफटत गेले. त्यानं वाकून गाठ धरली. नखं तुटली, पण गाठ ढिम्म हलेना. त्याचे दोन्ही पाय माझ्या कैदेत होते आणि मीच त्याला खाली ओढत होते. आई गं, ज्याच्यासाठी जन्मले त्यालाच मारणार का मी?

काठावर फक्रुद्दीन किंचाळत होता, पण पाण्यात उतरत नव्हता. मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं, माझ्या करवित्याला पोहताच येत नव्हतं! त्यानं रबर कापायचा चाकू हंबीररावाच्या हातात कोंबला आणि हंबीररावानं उडी घेतली. काळ्या पाण्यात चाचपडत त्यानं वाद्यांवर चाकू चालवला. त्यात माझी एक बाजूही फाटली. फाड रे, वाटेल तेवढी फाड, मी मनात म्हणत होते, पण त्याला सोडव!

कृष्णात वाचला. पण त्या दिवसापासून तो अंघोळीची बादली बघूनही दचकायचा. त्याची आई धोंडुबाई तरातरा दुकानात आली.

"दुसऱ्याच्या लेकराचं पाय बांधतोस व्हय रे? आधी आपलं बांधून बघायचं हुतंस की!"

फक्रुद्दीन मान खाली घालून ऐकत राहिला. "मावशी, तुमचं खरं हाय," एवढंच म्हणाला.

मग त्यानं मला पुन्हा जोडलं. वाद्या फेकून दिल्या. जुवाची खुंटी उपसली की बैल मोकळा होतो, तशी एक खुंटी त्यानं माझ्या पट्ट्याला बसवली. एक हिसका दिला, की दोन्ही पाय बाहेर. आणि त्यानं सगळ्यांना हंबीररावाच्या विहिरीवर बोलावलं. कृष्णात लांबच उभा राहिला.

फक्रुद्दीन पायरीवर बसला आणि त्यानं मला आपल्याच पायांत घातलं. दोरी त्यानं कमरेला बांधली आणि टोक धोंडुबाईच्या हातात दिलं.

"मावशी, तुम्ही धरा. मी खुंटी काढून दोरी हलवीपतूर वढू नका."

"आरं मुडद्या, तुला पवाय येत न्हाय न्हवं?"

"न्हाय की. म्हणूनच."

आणि त्यानं स्वतःला पाण्यात सोडून दिलं.

खाली, खाली, आणखी खाली. माझ्या पट्ट्यात त्याच्या घोट्याची नाडी धडधडत होती. त्याचा हात आला, पण भलत्याच बाजूला. तो नुसता चाचपडत होता. वर दोरी ताठ झाली, पुन्हा सैल पडली. बाई ओढायचं आवरत होती! तोंडातून बुडबुडे सुटले. अरे, इकडं, उजवीकडं, मी जिवाच्या आकांतानं म्हणत होते. शेवटी बोटं खुंटीला लागली. हिसका बसला. मी अलगद सुटले, त्यानं दोरी हलवली आणि ती सरसर वर ओढली गेली.

हंबीररावानं मला गळानं वर काढलं, तेव्हा फक्रुद्दीन पायरीवर पालथा पडून पाणी ओकत होता. धोंडुबाईनं त्याच्या पाठीत दणादणा बुक्के घातले, थोडे पाणी काढायला आणि थोडे रागानं. ती रडतही होती. एवढ्यात मी मागं बघितलं, तर कृष्णात शर्टाची बटणं काढत होता. एकेक बटण निघत होतं.

मित्रांनो, मी अजूनही भिते. भिणं वाईट नाही. आम्हा वस्तूंना नीट जपा, वापरण्याआधी तपासा, हे तर सांगतेच. पण कुणाचे पाय बांधायची वेळ आलीच, तर सोडवायची खुंटी आधी बसवा आणि ती स्वतः ओढून बघा.

त्या दिवशी हंबीररावानं मला कृष्णातसमोर ठेवलं. धोंडुबाईनं फक्रुद्दीनच्या कमरेची ओली दोरी सोडली, डोळे पुसले, आणि तीच दोरी आपल्या हातानं लेकाच्या कमरेला बांधली.