अकरा घरांच्या चाव्या

“कलम सात,” पंख्याच्या वाऱ्यात फडफडणारा कागद ग्रामसेवकांनी दोन्ही हातांनी धरला. “गावातील सर्व बंद घरांच्या चाव्या ग्रामपंचायत कार्यालयात जमा कराव्यात. खासगी व्यक्तींनी त्या बाळगू नयेत.”

सभेतल्या माणसांनी कागदाकडे पाहिलंच नाही. सगळ्यांनी पाहिलं ते तिसऱ्या रांगेतल्या तुळसाकडे.

खासगी व्यक्ती म्हणजे तुळसाच, हे सांगायला ग्रामसेवक कशाला हवे होते? मुंबईला राहणाऱ्यांच्या अकरा घरांच्या चाव्या बावीस वर्षं तिच्या कमरेला होत्या. रोज तिन्हीसांजेला ती एकेक घर उघडायची, केर काढायची, देवाला दिवा लावायची आणि कुलूप ओढून पुढच्या घरी जायची. गणपतीत कोणी तिला लुगडं आणायचं, कोणी नुसतंच म्हणायचं, “काकी, तू आसस म्हणान आमका घोर नाय.” तिला तेवढं पुरे होतं.

घोर सुरू झाला महिन्यापूर्वी. रविकांतच्या घरातून दोन समया, तांब्याचं घंगाळ आणि देवांचा पितळी देव्हारा गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. आधी पाहिलं तुळसानेच, आणि धावत पंचायतीत जाऊन सांगितलं तेही तिनेच. शहाण्या माणसाने अशा वेळी धावू नये, हे तिला नंतर कळलं. कारण पंचायतीने लगेच ग्रामसुरक्षा आराखडा करायला घेतला. बंदरावर आणि नाक्यावर कॅमेरे, परगावच्या खलाशांची नोंद, आणि हे कलम सात.

“काकीवर कोण संशय घेता?” कॅमेऱ्यांचं काम ज्याला मिळणार होतं तो बाळा मागून उठला. “पण कुलूप फोडल्याला नाय, कौल काढल्याला नाय. मगे चोर खंयसून गेलो?”

तुळसाचा संशय याच बाळावर होता. चोरीच्या आधी तो वीजमीटर बघायचं निमित्त करून रविकांतच्या पडवीत दोनदा येऊन गेला होता. चोरी झाली आणि पंधरा दिवसांत कॅमेऱ्यांचं काम याच्याच नावावर ठरलं, हे काही तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

“कोणा एकासाठी नाही हो काकी,” सरपंच संचिता मऊ आवाजात म्हणाली. “आराखडाच तसा आहे.”

तेवढ्यात रविकांत उभा राहिला. तो कालच डोंबिवलीहून आला होता. “मी कोणाचं नाव घेत नाही,” तो छापील मराठीत बोलू लागला. “आई गेल्यापासून काकींनीच घर सांभाळलं. गेलं ते गेलं. चोराने देव तेवढे ताटात तांदूळ घालून त्यावर नीट बसवून ठेवले होते, हेच नशीब म्हणायचं.”

बायका हळहळल्या. तुळसाने मात्र झटकन मान वर केली.

देव तांदळावर होते, हे खरं होतं. पण ते पाहिलं होतं तिने एकटीने. उघड्यावर बसलेले देव तिला बघवेनात, म्हणून पंचायतीत जाण्याआधी तिने त्यांना पाटावर बसवलं आणि तांदूळ माडाच्या बुंध्याशी टाकले. ही गोष्ट तिने सुनेलाही सांगितली नव्हती. सांगितली असती तर गाव म्हणालं असतं, देवाला एवढी भिणारी चोर म्हणजे तूच!

मग रविकांतला तांदूळ कुठून कळले?

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसून रुमालाने मान पुसत होता. दुसरी चावी असते ती त्याच्याचकडे, हे तिला एवढ्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. बिचाऱ्या बाळाला तिने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या!

आता एक वाक्य बोललं असतं तर ती मोकळी झाली असती. शेजारची हिरा तिला कोपराने ढोसत होती, “बोल गो, गप कित्याक बसलंस?” तुळसा उठलीसुद्धा. तिला रविकांतची आई आठवली. शेवटच्या दुखण्यात तिने चावी हातात देऊन, वरून आपल्या दोन्ही हातांनी तुळसाची मूठ मिटली होती. घराची लाज सभेत उघडी करायला तिने चावी दिली नव्हती.

“चावयो घेवा,” ती म्हणाली आणि जुडगा टेबलावर ठेवला.

आराखडा सर्वानुमते मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत तुळसाही होती.

रविकांतने तिला बाहेर वडाखाली गाठलं. “काकी, तू माझ्याकडे तशी कित्याक बघी होतंस?” छापील मराठी आत राहिली होती.

“तांदळाचा माका सोडून कोणाक म्हायत नव्हता रे.”

त्याने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. मग आवाज चिरकला. “मी काय इकूक नाय गो. आयेचो देव्हारो वाटणीत भावांनी मोडीत घातल्यानी असतो. माझ्याकडेच आसा. समयो नि घंगाळ पण आसत.”

“आणि माझ्यावर येतला, ह्या तुका दिसला नाय?”

“इतक्या वाढतला असा वाटला नाय. तू कोणाक सांगूचंस नाय मा?”

“आत सांगलंय काय?”

रविकांतने सुटकेचा श्वास टाकला. “मगे आमची चावी तू तुझ्याकडेच ठेव. मी सरपंचांका सांगतंय. माझो तुझ्यावर पूर्ण विश्वास आसा.”

“नको रे बाबा,” तुळसा म्हणाली.

दिवेलागण झाली होती. तिच्या घराची जवळची वाट रविकांतच्या घरापुढच्या खळ्यातून जात होती. तिने पदर खोचला आणि बंदराकडची लांबची वाट धरली.