शेवटच्या चकतीपलीकडे

मित्रांनो, सायकलच्या मागच्या चाकाला लागून, साखळीखाली जो तेलकट सांगाडा लोंबतो, तो मी. सायकलचा मागचा गियर. आता बराच जुना झालेलो. साखळीला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणं, एवढंच माझं काम. सपाटीला लहान चकती, चढाला मोठी.

नवा होतो तेव्हा दुकानात लोक मला बोटाने हलवून बघायचे. मग मी एका नर्सच्या सायकलवर आलो. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायला ती घरोघर जायची. वस्ती सगळी टेकडीवर, त्यामुळे मला दिवसभर उसंत नसे.

माझी देखभाल तिचे सासरे करत. ते पूर्वी कापडगिरणीत फिटर होते. दर रविवारी ते सायकल अंगणात उलटी ठेवत, ब्रशने माझ्यातली माती काढत, मला ओढणारी वायर ढिली पडली नाही ना ते बघत. मग पॅडल फिरवून एकेक गियर टाकत आणि कान देऊन ऐकत. "खरखरला की समजायचं, काहीतरी बिनसलंय," असं म्हणत.

पुढे त्यांची नजर अधू झाली. घरात तो विषय कोणी काढत नसे. स्क्रू शोधायला ते आता बोटं फिरवतात, हे सुनेला दिसत होतं. पण त्यांच्या हातातलं काम काढून घेणं तिच्या जिवावर येई.

एका रविवारी त्यांनी भलताच स्क्रू सैल केला. साखळीला शेवटच्या, सर्वांत मोठ्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा. अंगणात गियर टाकून पाहिले, तेव्हा काही खरखरलं नाही. दुसऱ्या दिवशी उभ्या चढावर सुनेने जोर लावून हँडलवरचा गियरचा खटका दाबला, तशी साखळी चकती ओलांडून स्पोकमध्ये घुसली. मीही मागोमाग ओढला गेलो. चाक जागीच अडकलं आणि ती रस्त्यावर आदळली. मागून येणारा ट्रक करकचून ब्रेक लावत तिच्याजवळ थांबला.

मेकॅनिकने मला वाकवून सरळ केलं. "हा स्क्रू कुणी सैल केला, ताई? थोडक्यात वाचलात!"

"माझाच हात लागला असेल," ती म्हणाली.

पण रविवारी सासऱ्यांची बोटं माझ्यावर थबकली. "हे ओरखडे कसले गं?"

तिने ब्रश उचलून साखळी घासायला घेतली.

"आणि सुट्टीच्या दिवशीही तुझ्या अंगाला मलमाचा वास येतोय."

"बाबा, साखळी स्पोकमध्ये गेली. मी पडले."

"स्क्रू?"

"हो."

त्यांनी चिंधीने हात पुसले. "मला दिसत नाही हे ठाऊक होतं तुला. मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्यांना हसू फुटलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "बस इथे. तू बघ, मी ऐकतो."

तेव्हापासून दोघं मिळून मला तपासतात. माझी स्प्रिंग थकली आहे. कधीतरी मला काढून नवा बसवतील. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

मित्रांनो, सायकल नुसती पुसून ठेवू नका. सगळे गियर अगदी शेवटच्यापर्यंत टाकून पाहा. आणि घरातलं कुणी तुमच्यासाठी ते करत असेल, तर शेजारी बसून एकदा विचारा, "दिसतंय ना नीट?" विचारायला जड जाईल, तरी विचारा.