वात्रेपाशी पाच आठवडे

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते वरच्या कुरणावरच्या झोपडीत चीज पिळत होते. सोबेककाकांनी त्यांना ओंडके वाहायच्या गाडीवर घालून रस्त्यापर्यंत उतरवलं आणि तिथून तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. त्यानंतर ते अकरा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, वाचा गेलीय, तीनच शब्द शिल्लक आहेत: पाणी, नाही आणि वात्रा.

वात्रा म्हणजे मेंढपाळांच्या झोपडीत मधोमध पेटलेली आग. वसंतात मेंढ्या वर गेल्या की मुख्य मेंढपाळ, म्हणजे बाचा, ती स्वतःच्या हाताने पेटवतो. सप्टेंबरच्या शेवटी, संत मिखाइलच्या सणाला मेंढ्या खाली उतरेपर्यंत ती विझू द्यायची नाही. विझली तर कळपाचं भलं होत नाही. बाबा चाळीस उन्हाळे बाचा होते. एवढ्या वर्षांत त्यांची वात्रा विझल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

मी खाली क्राकूव्ह शहरात शब्दकोशाच्या कार्यालयात काम करते. त्या दिवसांत आमचा एक खंड छापायला जायचा होता. मी दोनदा जाऊन आले, बाकीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता फोन केला. नर्स त्यांच्या कानाला फोन लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "बोला आजोबा, तुमची तेक्ला आहे."

पलीकडून बराच वेळ श्वास ऐकू यायचा. मग, "वात्रा?"

"पेटलीय, बाबा."

मी वर गेलेच नव्हते. सोबेककाकांनाही विचारलं नव्हतं. तरी रोज तेच सांगितलं. दोनदा त्यांच्या उशाशी बसूनही सांगितलं. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले.

दफन झाल्यावर मी रजेचा अर्ज पाठवला आणि वर आले. मिखाइलच्या सणाला पाच आठवडे होते. जे मी अकरा वेळा न बघता सांगितलं, ते तोवर खरं राहावं, एवढंच मला हवं होतं.

सोबेककाका दारात उभे होते. बाबांच्या हाताखाली सव्वीस उन्हाळे काढलेला हा माणूस. माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "पुस्तकं आणलीस की कपडे?"

"दोन्ही."

"बरं झालं. सरपण ओलं असलं की पुस्तकं कामी येतील."

मी आत गेले. आग होती, लहानशी पण नीट. वर मांडणीवर चीजचे गोळे धुराने पिवळे होत आले होते. बाबांचं कातडी जाकीट खुंटीला होतं. मी त्याला हात लावला नाही.

"काका, आग मी सांभाळणार. तुम्ही मेंढ्या बघा."

"क्राकूव्हच्या बाई आग सांभाळणार?"

"मी जन्मले कुठे, काका?"

"जन्मलीस इथे. पण अठराव्या वर्षी उतरलीस ती उतरलीसच." मग म्हणाले, "सांभाळ पोरी. तुझाच हक्क आहे."

तसे आमचे दिवस सुरू झाले. काका पहाटे धार काढून मेंढ्या घेऊन जायचे, दुपारी यायचे, पुन्हा जायचे. बोलणं दिवसाला दहा वाक्यं. मी लाकडं फोडायची, झऱ्याचं पाणी आणायची, चीजचे गोळे फिरवायची. पाच वाजले की पाय आपोआप डोंगराच्या वरच्या धारेकडे वळायचे, कारण फोनला रेंज तिथेच. फोन करायचा नाहीये हे अर्ध्या वाटेत आठवायचं. तरी मी धारेपर्यंत जायची आणि परत यायची.

शब्दकोशाच्या नोकरीत मला पहिला शब्द दिला गेला तो वात्राच. साहेबांना वाटलं होतं, मेंढपाळाची मुलगी आहे, तिला सोपा जाईल. तीन महिने गेले. रुमानियन मेंढपाळ डोंगरांच्या धारेनं उत्तरेला सरकत आले, त्यांच्याबरोबर हा शब्द आला. त्यांच्याकडे तो चुलीला म्हणतात, घराच्या जागेलाही म्हणतात. आल्बेनियात चूल. सर्बियात साधी आग, कुठलीही. हंगेरियनमध्ये तो डोंगराकडच्या बोलीत तेवढा सापडतो. स्लोव्हाक आणि युक्रेनियन लोक उघड्यावरच्या शेकोटीला म्हणतात. आमच्याकडे येईपर्यंत घर मागे राहिलं आणि उन्हाळ्यापुरती झोपडी उरली. त्याआधी शब्द कुठला, यावर विद्वान अजून भांडतात. मी शब्दाच्या कार्डावर शेवटी लिहिलं, मूळ अनिश्चित.

ते कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे एवढं शिकून काय कळलं?"

"कुठून आला ते माहीत नाही, हे कळलं."

"हे मी तुला फुकट सांगितलं असतं," ते म्हणाले आणि आगीत लाकूड सरकवलं. मी रागावले होते. ते हसत होते की नाही, ते आता आठवत नाही.

चौथ्या आठवड्यात पाऊस लागला. तीन दिवस झोपडीबाहेर दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. सरपण भिजलं, धूर डोळ्यांत जाऊन जाऊन डोळे सुजले. रात्री दर तासाला मी उठत होते. चौथ्या दिवशी दुपारी बाकावर जरा टेकले, ते झोपच लागली.

जाग आली ती थंडीने. चुलाण्यात राख होती. मी गुडघे टेकून बोटांनी राख उकरली, खाली एखादा निखारा असेल म्हणून. फुंकलं, पुन्हा फुंकलं. राख तोंडात गेली. तळाच्या दगडावर तळहात ठेवला, तर नुसता कोमट होता.

काका दारात आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. त्यांनी ओली टोपी झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून लाल प्लास्टिकचा लायटर काढला.

"हं. घे."

"ठेवा तो आत!"

"अगं, धुराशिवाय गोळे खराब होतील."

"गोळ्यांचं काय घेऊन बसलात? बाबांनी पेटवलेली होती ती. चाळीस वर्षांत विझली नव्हती, आणि माझ्या हातानं..."

काका बाकावर बसले. बूट काढायला लागले. एक काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले.

"पोरी, ती त्याची नव्हतीच," ते म्हणाले. "बाचा पडला त्या दिवशी मी त्याला घेऊन खाली गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. दीड दिवस इथे कोण होतं? आलो तेव्हा दगडसुद्धा गार होता. ह्याच लायटरनं पेटवली. गावात कुणाला बोललो नाही."

मी विचारलं, "बाबांना?"

"त्याला सांगितलं की. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. त्याच्याशी खोटं बोललो असतो तर डोळ्यांत दिसलं असतं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चांगला हात हलवला. चालायचंच, असा."

म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांना कळलं होतं. मी म्हणाले, "मग मला रोज का विचारायचे?"

"ते मला काय विचारतेस? शब्दांचा धंदा तुझा." काकांनी मोजे पिळले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तीन शब्द होते त्याच्याकडे. पाणी नर्सकडे मागायचा. नाही डॉक्टरांना म्हणायचा. तुझ्याशी बोलायला उरला कोणता?"

पाऊस छपरावर पडत होता. काका उगाच घसा खाकरत बसले. मी डोळे पुसले तर हाताची राख सगळ्या तोंडाला लागली.

"बाबा कशानं पेटवायचे?" मी विचारलं.

"वसंतात? काड्यांनी. दुसरं कशानं? तुला काय वाटलं, दगडावर दगड घासायचा?" त्यांनी हनुवटीनं मेरीमातेच्या तसबिरीकडे खूण केली. "मागे डबी आहे."

पत्र्याची डबी होती, झाकण गंजलेलं. आत आगपेटी आणि तिच्यात नऊ काड्या. मी बॅगेतून कागद काढले, सुकं लाकूड निवडून त्याच्या ढलप्या काढल्या. काका मदतीला उठले नाहीत. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरीने कागदाची कड धरली. ढलप्या तडतडल्या आणि बऱ्याच वेळाने जाड लाकडानं पेट घेतला. धूर वरच्या मांडणीपर्यंत पोचेस्तोवर मी तिथून हलले नाही.

पाच वाजायला आले होते.

"जरा लक्ष ठेवा," मी काकांना म्हणाले.

"कुठे निघालीस असल्या पावसात?"

"वर."

त्यांनी खुंटीवरचं बाबांचं जाकीट काढून माझ्याकडे फेकलं. मी ते घातलं. त्याला धुराचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

धारेवर पोचले तेव्हा पाऊस उणावला होता, धुकं होतंच. खाली झोपडी दिसत नव्हती. फोनला रेंज होती. मी तो कानाला लावला नाही, नुसता हातात धरून उभी राहिले.

"पेटलीय, बाबा," मी म्हणाले.

या खेपेला मी बघून आले होते. थोडा वेळ थांबले आणि खाली निघाले. लाकडं ओली होती, आग फार वेळ काकांच्या भरवशावर सोडून चालणार नव्हतं.