दादू परत येईपर्यंत

सगुणेचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिचा नवरा दादू समुद्रावर होता. तो विलायतेच्या बोटीवर खलाशी. वर्षाकाठी एकदा रत्नागिरीला यायचा. आमचे पाळक आत्मारामबाबा तेव्हा नवे होते, उत्साही होते. नवरा येईस्तोवर थांबू या, असं मंडळीतल्या कुणाच्याच मनात आलं नाही. दादू परतला तो भावकीने वाळीत टाकलेल्या घरात. त्याने बायकोला टाकलं नाही, पण पुन्हा निघायच्या आधी चर्चच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर पाळकांना म्हणाला, "मला न विचारता बायकोला नेलीत. पोरीला मी परत येईपर्यंत बाटवायची नाही. द्या शब्द."

पाळकांनी मान खाली घालून शब्द दिला.

ती पोर म्हणजे हौसा. माझ्या रविवारच्या शाळेत ती पुढेच बसायची. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली की विचारायची, मग पुढं त्याचं काय झालं? सापडलं, संपली गोष्ट, म्हटलं तरी तिला पटायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत हरवलं असेल तर, म्हणायची.

एकतीस सालचा पाऊस सरता सरता गावात घटसर्प आला आणि हौसाचा घसा धरला. डॉक्टरांनी तिला पाहून आशा सोडली. दादूची बोट कुठल्या समुद्रात आहे, हे सांगू शकेल असं रत्नागिरीत कुणी नव्हतं. पोरीने आधी आईला आणि मग बसक्या आवाजात पाळकांनाच सांगितलं, की मला आईसारखं पाणी घाला. सगुणेने त्यांचे पाय धरले.

मंडळीतले वडीलधारे धोंडू तिथेच होते. ते म्हणाले, "शब्द माणसाला दिलात बाबा, देवाला नव्हे. तुमच्याने होत नसेल तर मी घालतो."

पाळकांनी त्यांना अडवलं. एकदा घाई करून या माणसाचं घर मोडत आणलं, म्हणाले, आता पुन्हा त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही. देवाचं आपल्या पाण्यावाचून अडत नाही. मग ते हौसाचा हात हातात घेऊन प्रार्थना म्हणत बसले. दुपारी ती गेली.

भावकी आली. जिवंतपणी ज्या घराचं पाणी त्यांना चालत नव्हतं, त्या घरातून त्यांनी पोर उचलली. ती दादूची, म्हणजे आमची, असं त्यांचं म्हणणं. त्यांना अडवायला आम्हाला तोंड नव्हतं. सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, आपल्या जागेत त्यांनी तिला पुरलं.

सगुणा चर्चला यायची थांबली. धोंडूंबरोबर आणखी काही घरं मंडळी सोडून गेली. पाळकांनी एकाही उपासनेत स्वतःची बाजू मांडली नाही. वर्गातली मुलं मला विचारत, हौसा कळपाच्या आत आहे की बाहेर? मी सुचेल तसं समजावत असे. त्यांचं समाधान झालं, असं मला वाटत नाही.

शिमग्याच्या सुमाराला दादू मुंबईहून यायचा होता. गावात शिरायच्या आधी त्याला आपल्याच तोंडून कळावं म्हणून पाळक मला सोबत घेऊन बंदरावर गेले. दादू मचव्यातून उतरला. पाळकांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, काहीही न गाळता. तो आपल्या ट्रंकेवर बसला.

"तिनं स्वतः मागितलंन?"

"हो. स्वतः."

"नि तुम्ही दिलं नाहीत."

"तुम्हाला शब्द दिला होता."

दादू म्हणाला, "मी आपला रागावलेलो हो, बाबा. रागात माणूस बोलतो. तुम्ही त्याची आज्ञा करून ठेवलीत."

पाळकांनी एकदाही "पण" म्हटलं नाही. शेवटी दादूच म्हणाला, की तो शब्द नुसता रागातला होता, हे सगुणेला मला एकट्याला सांगता यायचं नाही, तुम्ही चला.

सगुणा अंगण सारवत होती. दादूने उभ्या उभ्याच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे न बघता ती पाळकांना म्हणाली, "तुम्ही दोघांनी आपापसात ठरवलंत. मरत होती ती. तिचं कुणी ऐकलं नाही."

"नाही ऐकलं," पाळक म्हणाले.

"आता धीर धर म्हणू नका मला. माझी हौसा कुठं आहे, तेवढं सांगा."

"देवाजवळ."

"ठाऊक आहे म्हणून सांगता, की मला बरं वाटावं म्हणून?"

"ठाऊक नाही," पाळक म्हणाले. "विश्वास आहे. तुझ्यापुढे उभं राहून त्याहून जास्त सांगायला माझ्यापाशी काही नाही."

सगुणेने हात धुतले. दादूला पाय धुवायला पाणी दिलं. पाळकांना ती बसा म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. सारवलेलं सोडून कडेच्या कोरड्या जागेत ते उभे राहिले, आणि ती आपलं उरलेलं अंगण सारवू लागली.