सात मिनिटं

माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच गोष्ट उठता-बसता ऐकवतो: कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्यावरचे आकडे लिहून ठेवा. पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनांत घातली, त्यातून एवढंच शिकलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

शहाण्णव साली आम्ही इथे परदेशात, मरीन परेडला फ्लॅट घेतला. आई वर्षभर आमच्याकडेच होती. तिच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेलं बाबांचं घड्याळ असायचं. काळी तबकडी, तडकलेली काच, कडेला स्टॉपवॉचची दोन बटणं, पाठीवर सरकारी मालाची बाणाची खूण आणि नंबर. बाबा लढाऊ विमान चालवायचे. त्रेसष्ट साली सरावात त्यांचं विमान डोंगरावर आदळलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. चौकशीत ठरलं, वैमानिक वेळेवर वळायला विसरला. झालं! त्यानंतर कुठल्याही लग्नकार्यात कुणीतरी आईला हळहळत सांगायचंच, ‘लक्ष नव्हतं म्हणे त्यांचं.’ आई पानातला भात कालवत बसायची.

घड्याळाला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. का, ते कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

ऑक्टोबरात आई भाचीच्या लग्नाला महिनाभर नाशिकला गेली. इकडे आमची वास्तुशांत ठरली. माझी बायको स्मिता म्हणाली, “बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात. आईंचं ते दुरुस्त करून आण ना, खूश होतील.” मलाही पटलं. पाया लेबारला एक म्हातारा चिनी कारागीर होता, त्याच्याकडे दिलं. तीन आठवड्यांनी त्यानं नवी काच लावून, चकचकीत करून ते माझ्या हातात ठेवलं. “ऑल झीरो ऑलरेडी, लाह,” म्हणाला. मी त्याचे दहादा आभार मानले.

आई परतली ती निराळीच. विमानतळावरून घरी येईपर्यंत बोलत होती. नाशिकला तिला मनोहरकाका भेटले होते, बाबांच्या तुकडीतले.

“विश्वास, कॅमेऱ्यात रोल आहे का रे? भाऊजींना घड्याळाचा फोटो पाठवायचाय.”

मग तिनं तेहतीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. विमानातून खाली ठरलेली मोठी खूण दिसली की स्टॉपवॉचचं बटण दाबायचं, ठरलेली मिनिटं सरळ जायचं, मग वळायचं, असा त्या काळचा रिवाज. बाबांना नऊ मिनिटांनी वळायचं होतं. अपघाताच्या जागी मनोहरकाकांनी बाबांच्या मनगटावरून घड्याळ काढलं, तेव्हा स्टॉपवॉचचे काटे सात मिनिटांवर अडकले होते. म्हणजे वळायची वेळ झालीच नव्हती. आखून दिलेला मार्गच चुकला होता, आणि तो आखणारा साहेबच चौकशी समितीवर बसला होता. काकांनी सरकारी घड्याळ गुपचूप आईला दिलं आणि शपथ घातली, मी नोकरीत आहे तोवर बोलू नका. आता काका लेखी जबाब द्यायला तयार होते.

“नुसत्या शब्दाला कोण विचारतं? फोटो हवा,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांचं नाव धुऊन निघेल रे.”

 मी घड्याळ आणून तिच्या हातावर ठेवलं. ते टिकटिक करत होतं. स्टॉपवॉचचे काटे शून्यावर होते.

मी तिथूनच कारागिराला फोन केला. काटे कुठे होते? तो म्हणाला, “स्पॉइल वॉच, हू रिमेंबर?” त्याचं काय चुकलं? विचारायचं मी होतं, लिहून ठेवायचं मी होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आईसमोर बसलो आणि बटण दाबलं. सात मिनिटं आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत होतो. मग पुन्हा दाबलं. काटे थांबले.

“असंच होतं ना? काढू फोटो?”

आईनं चष्मा पुसून पाहिलं. “हुबेहूब.”

मी कॅमेरा उचलला. तिनं माझा हात धरला.

“इतकं सोपं आहे होय रे हे? मग आता खरा फोटो असता, तरी ते चौकशीवालेही हेच म्हणाले असते. बायकोनं बसून बटण दाबलं म्हणून.”

मी कॅमेरा खाली ठेवला. तिनं दुसरं बटण दाबून काटे शून्यावर आणले, आणि घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं.

“घाल तू. आता ते कुणाचंही घड्याळ आहे.”

मग रिकाम्या रुमालाची घडी घालून तिनं तो परत कपाटात ठेवला.